शेवाळ कुठलं ते आधी बघा, मग औषध सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर लेख आला होता तो वाचला. मराठी पेपरात या विषयावर कुणीतरी पानभर लिहितंय हेच आधी भारी वाटलं, कारण एरवी फिश टँक म्हणजे वास्तुशास्त्र आणि फ्लॉवरहॉर्न एवढंच छापून येतं. लेख चांगलाय, मीठ किती, टेंपरेचर किती, क्लाउनफिश कसा ठेवायचा सगळं नीट सांगितलंय. पण शेवटी जी चौकट टाकलीय ना, शेवाळ झाल्यास काय कराल म्हणून, त्यावर मात्र लिहायलाच पाहिजे. लाईट कमी करा, पाणी वारंवार बदला, खाणं कमी द्या आणि तरी नाही गेलं तर बाजारात मिळणारं शेवाळनाशक टाका, एवढ्या चार ओळी. साहेब, यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या शेवाळावर बरोबर आहे आणि तीच दुसऱ्या कुठल्या तरी शेवाळावर टँकची वाट लावणारी आहे. आणि शेवटची ओळ तर सरळ सरळ घातक आहे.

शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. दुकानात शेवाळनाशक म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यातल्या बऱ्याच गोड्या पाण्याच्या टँकसाठी किंवा बागेतल्या कारंज्यांसाठी असतात आणि त्यातल्या पुष्कळांमध्ये कॉपर असतं, म्हणजे तांबं. माशाला ते थोडं चालतं, काही आजारांत मुद्दाम देतात पण. पण कोलंबी, खेकडे, गोगलगायी, प्रवाळ, अॅनिमोन यांना तांबं म्हणजे विष, आणि एकदा टाकलं की ते खडकात आणि वाळूत जाऊन बसतं ते लवकर निघत नाही. म्हणजे शेवाळ खाणारी जी फौज आपण पैसे देऊन आणलेली असते तीच आधी मरणार, आणि शेवाळ पुन्हा येईल तेव्हा खायला कुणी नाही. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण काउंटरवरचा माणूस वाचून दाखवत नाही, तो म्हणतो ये डालो, सब साफ. होतं पण सगळं साफ, तो खोटं नाही बोलत.

मुळात ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यातलं सगळं शेवाळ नसतंच. रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या टँकमध्ये, जे नको असताना उगवतं त्यात खरंखुरं हिरवं शेवाळ आहे, एकपेशीय डायटम आहेत, डायनोफ्लॅजेलेट आहेत आणि सायनोबॅक्टेरिया आहेत म्हणजे चक्क बॅक्टेरिया. रंग बघून ठरवायला गेलात तर फसणारच कारण तपकिरी रंगाचे यात दोन-तीन जण आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलटे. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला खुराक.

नवीन टँक लावला की काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते, बोटाने पुसली की लगेच जाते, काचेवर पुन्हा बसते. हे डायटम. जवळपास प्रत्येकाच्या टँकमध्ये येतं आणि नवीन माणूस घाबरून दुकानात पळतो. याला काहीही करायचं नसतं हो. डायटमला अंगावरचं कवच बांधायला सिलिका लागते, ती नळाच्या पाण्यातून नाहीतर नव्या वाळू-खडकातून येते, ती संपली की हे आपोआप ओसरतं. तोवर काच पुसा, गोगलगायी सोडा, चहा प्या.

ओसरत नसेल तर मात्र पाणी बघा, आणि इथे आपल्याकडची एक खास गंमत आहे जी परदेशातल्या पुस्तकात सापडणार नाही. लोक म्हणतात आम्ही आरओचंच पाणी वापरतो. कुठलं आरओ तर किचनमधलं, भिंतीवर लावलेलं. आता हे घरगुती मशीन प्यायच्या पाण्यासाठी असतं, अगदी शुद्ध पाणी बेचव लागतं म्हणून त्यात टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा कंट्रोलर असतो जो थोडं मूळ पाणी परत मिसळतो, वर मिनरलची एक कार्ट्रिज असते ती वेगळीच. त्यामुळे टीडीएस मीटर बुडवलं की ५०, ८०, बोअरवेलची सोसायटी असेल तर त्याहून जास्त आकडा येतो. रीफ टँकला पाहिजे शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक डबा लागतो, तो सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट जे काही उरलंय ते धरून ठेवतो, आणि रेझिन संपत आलं की मीटरवर शून्याचा एक-दोन व्हायला लागतो तेव्हा ते बदलायचं. टँकला लागणारं पाणी काढताना मिनरल कार्ट्रिजच्या आधीच नळी तोडून घ्यायची आणि कंट्रोलरचा स्क्रू बंद करायचा, कुठलाही प्लंबर करून देईल, फक्त कशाला पाहिजे ते सांगू नका नाहीतर तासभर टँक बघत बसेल. रोज बाष्पीभवनाने जेवढं पाणी कमी होतं तेवढं आपण वरून घालतो, मीठ मागे राहतं पण त्या भरीच्या पाण्यातलं सिलिका-फॉस्फेटही मागेच राहून साठत जातं. एप्रिल-मेमध्ये वर पंखा लावलेला असतो तेव्हा बाष्पीभवन दुप्पट होतं आणि बरोबर तेव्हाच लोकांचे फोन येतात की अरे अचानक शेवाळ कुठून आलं.

दुसरं म्हणजे सायनो, मघाशी सांगितलेले सायनोबॅक्टेरिया. लालसर-जांभळट, कधी काळपट हिरवा थर वाळूवर पसरतो, त्यावर बुडबुडे अडकलेले असतात, सिरिंजने पाण्याचा फवारा मारला की अख्खा पापुद्रा उचलला जातो. बाहेर काढून वास घ्या, विसरणार नाही. जिथे पाण्याचा प्रवाह मंद आहे, खाली कचरा साठतोय, पाणी गरम आहे तिथे हा खूश. उपाय म्हणजे पापुद्रा नळीने ओढून काढा, त्या कोपऱ्यात पंपाचं तोंड वळवा, वाळू थोडी थोडी साफ करत जा आणि खाणं बेतानं द्या. यावर चौकटीतली पाणी बदला ही ओळ बरोबर बसते. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन आठवडे लागतात.

पण कंटाळा आला की लोक काय करतात? मेडिकलमधून एरिथ्रोमायसिन आणतात. हा बॅक्टेरियाच असल्यामुळे अँटिबायोटिकने मरतो हे खरं, परदेशात यासाठी तयार पावडरीही मिळतात. मला याचा राग येतो ते सांगतो. एक तर एवढा सगळा थर एकदम मेला की सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, आपल्याकडे पाणी आधीच २८-२९ डिग्रीला असतं, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो, आणि रात्रीत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. दुसरं, चिठ्ठीशिवाय मिळू नये असं औषध आपण शंभर-दोनशे लिटर पाण्यात टाकतो आणि पाणी बदलताना बाथरूमच्या मोरीत ओततो. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर तुमच्याच पेपरात अग्रलेख येतात आणि तुमच्याच पुरवणीतल्या सल्ल्याने माणूस मेडिकलच्या रांगेत जाऊन उभा राहणार. आणि तिसरं असं की सायनो कशामुळे झाला ते कारण तसंच राहतं, त्यामुळे तो परत येतो, किंवा त्याने रिकामी केलेली जागा त्याच्यापेक्षा वाईट कुणीतरी घेतं.

ते वाईट कुणीतरी म्हणजे डायनो, वर सांगितलेले डायनोफ्लॅजेलेट. या पत्राचं खरं कारण हेच आहे.

आमच्या डोंबिवलीत एक मित्र आहे, चार फुटी टँक, सॉफ्ट कोरल आणि मश्रूम नावाची प्रवाळं, अतिशय टापटिपीचा माणूस, टँक एवढा स्वच्छ ठेवायचा की पाहुण्याला वाटावं पाणीच नाहीये आत. त्याच्या वाळूवर तपकिरी डाग आले. त्याने ते डायटम समजून चौकटीत दिलंय तेच केलं, म्हणजे पाणी बदलणं वाढवलं, खाणं कमी केलं, वर फॉस्फेट काढणारे जीएफओचे दाणे रिअॅक्टरमध्ये भरले. डाग वाढले. त्याने अजून पाणी बदललं. मग खडकांवरून शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबायला लागले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी लाईट लागायच्या आधी बघावं तर निम्मं गायब, संध्याकाळपर्यंत पुन्हा जैसे थे. मग गोगलगायी काचेवरून खाली पडायला लागल्या, उलट्या पडलेल्या, मेलेल्या. तो म्हणाला अरे नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, याहून स्वच्छ काय करू.

तिथेच तर गोम आहे. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की हिरवं शेवाळ, डायटम, चांगले बॅक्टेरिया हे सगळे उपाशी मरतात आणि मैदान मोकळं होतं. डायनोफ्लॅजेलेट उन्हावर पण जगतात आणि बाकीच्यांना गिळून पण जगतात, त्यामुळे उपासमारीत टिकणारे तेवढेच उरतात. जितकं साफ कराल तितके ते फोफावणार. पाणी बदललं की नव्या मिठातून ट्रेस एलिमेंट म्हणजे अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं येतात आणि दोन दिवसांत त्यांना अजून जोर चढतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात त्यातला प्रकार, फक्त इथे मलमाने जखम चिघळते.

आता हे डायनो आहेत की डायटम की सायनो हे घरी कसं ओळखायचं ते सांगतो, लेखात हे पाहिजे होतं. सिरिंजने तो तपकिरी चिकट पदार्थ ओढून टँकच्याच पाण्याबरोबर छोट्या काचेच्या बाटलीत घ्यायचा. झाकण लावून चांगला हलवायचा, धागे पूर्ण तुटून पाणी गढूळ होईपर्यंत. मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा टिश्यूच्या दोन पदरांतून ते दुसऱ्या स्वच्छ बाटलीत गाळायचं. गाळलेलं पाणी जवळजवळ नितळ दिसतं. ती बाटली टँकच्या लाईटखाली ठेवून द्यायची, हलवायची नाही. तासाभराने येऊन बघा. डायनो असतील तर त्या नितळ पाण्यात परत धागे जमायला लागलेले दिसतात, ते एकमेकांना शोधून पुन्हा जाळं विणतात. डायटम किंवा सायनो असेल तर असं जाळं जमत नाही, तळाला थोडा गाळ बसला तर बसला. मित्राच्या बाटलीत पाऊण तासातच तपकिरी तार वर चढत होती आणि तिच्या टोकाला बारीकसा बुडबुडा पण धरलेला, त्याच्या बायकोने ते बघून बाटली फ्रीजजवळून लांब ठेवायला सांगितली ते बरोबरच होतं.

त्याच्या पुढची पायरी मायक्रोस्कोप. पोरांसाठी ऑनलाइन मिळतो तो चालतो, ४०० पट मोठं दिसलं की काम झालं. कशाला एवढं तर डायनोमध्येही जाती आहेत आणि उपाय जातीवर आहे. ऑस्ट्रिऑप्सिस ही थेंबाच्या आकाराची, एका टोकाला अणकुचीदार, आणि त्या टोकाशी जणू खुंटीला बांधल्यागत एकाच जागी गरगर फिरताना दिसते. ही रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, म्हणून हिच्यावर यूव्ही स्टरिलायझर लागू पडतो, तो संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, नाही तर थेट मुख्य टँकमधून पाणी घेईल असा लावायचा, फ्लो हळू ठेवायचा आणि जोडीला तीन दिवस टँक चादरीने झाकून पूर्ण अंधार. अॅम्फिडिनियम मात्र वाळूतच सरपटत राहते, वर येतच नाही, तिला यूव्ही लावला तर वीजबिल तेवढं वाढेल. तिच्यासाठी काही जण मुद्दाम सिलिका घालतात म्हणजे डायटम वाढतात आणि तिची जागा खातात. पहिल्या महिन्यात ज्याला हाकललं त्यालाच पाट मांडून बोलवायचं. दोन्ही जातींत एक गोष्ट समान, पाणी बदलणं थांबवायचं, जीएफओ काढून टाकायचं, मासे पोटभर खाऊ घालायचे आणि गरज पडली तर नायट्रेट-फॉस्फेट बाहेरून घालून नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.१ च्या आसपास धरून ठेवायचं, रोज किटने मोजून. खाणं कमी द्या म्हणणाऱ्या चौकटीच्या बरोब्बर उलटं. मित्राचा टँक सावरला पण सोपं नव्हतं, मधे थोडे दिवस हिरवं शेवाळ आलं तेव्हा आम्ही दोघांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते कारण हिरवं आलं म्हणजे डायनो हरायला लागले.

आणि एक, ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीचं विष बनवते, गोगलगायी त्यानेच मरतात. हातमोजे घालून काम करा, टँकमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

हिरव्या केसाळ शेवाळाबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडक्यात आवरतो. ते नायट्रेट-फॉस्फेटवर वाढतं हे खरंय आणि इथे चौकटीतला खाणं कमी, लाईट कमी हा सल्ला चालतो. फक्त किटवर शून्य आलं म्हणून पाण्यात फॉस्फेट नाही असं समजू नका, खडकावर केसांचं जंगल असेल तर आलेलं फॉस्फेट तेच खाऊन टाकतंय म्हणून पाण्यात दिसत नाही. म्हणजे शून्य आकडा डायनोवाल्याकडेही आणि याच्याकडेही, नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, काय उगवलंय ते डोळ्यांनी बघावंच लागतं. खडक बादलीत काढून टूथब्रशने घासायचा, उपटलेलं टँकमध्ये सोडायचं नाही, फ्रोझन खाणं वितळवून त्याचं पाणी फेकून द्यायचं, प्रोटीन स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप वेळच्या वेळी धुवायचा, संपमध्ये कीटोमॉर्फा या निरुपद्रवी शेवाळाचा गुंता लाईटखाली वाढवायचा म्हणजे फॉस्फेट तो खाईल. लाईट आठ तास पुष्कळ झाले. दिवाळीत पाहुणे येणार म्हणून बारा तास चालू ठेवू नका.

पण केसाळ दिसणारं प्रत्येक हिरवं एकच नसतं. एक काडी उपटून पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरा आणि भिंगातून बघा. नुसता साधा धागा असेल तर वरचे उपाय. पण मधे देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने बारीक फांद्या असतील तर ते ब्रायॉप्सिस, याला बरेच मासे आणि गोगलगायी तोंड लावत नाहीत, नायट्रेट कमी केलं तरी हलत नाही, उपटलं तर राहिलेल्या तुकड्यातून परत येतं. पूर्वी लोक मॅग्नेशियम खूप वर नेऊन याला मारायचे, हल्ली फ्लुकोनाझोल वापरतात, तेच आपलं बुरशीवरचं. काम करतं, स्किमर आणि कार्बन बंद ठेवून दोनेक आठवड्यांत पांढरं पडतं. हेही चिठ्ठीचं औषध, डोस मी पेपरात लिहिणार नाही, पण निदान हे लक्षात घ्या की बशीत बघितल्याशिवाय हे टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. आणि हिरवे चकचकीत गोल फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया, प्रत्येक फुगा म्हणजे एकच पेशी, विश्वास बसत नाही पण खरंय. टँकमध्ये फोडायचे नाहीत, खडक बाहेर काढून अख्खे सोलून काढायचे, जमलं तर एमराल्ड खेकडा ठेवायचा.

खाणारे प्राणी हा विषय लेखात एका वाक्यात उरकलाय, तो खरा मुख्य विषय आहे. समुद्रात कुणी शेवाळनाशक टाकत नाही तरी प्रवाळ दिसतात ते खाणाऱ्यांमुळे. कॅरिबियन समुद्रात १९८३ मध्ये लांब काट्यांचे काळे सागरी साळू, डायाडेमा, पनामाच्या बाजूने मरायला लागले आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त संपले. जमैकात आधीच मासेमारीने शेवाळखाऊ मासे संपत आलेले, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडलेले, शेवाळ आवरायला शेवटचा उरलेला हा साळू तोही गेला. १९७७ मध्ये तिथे समुद्रतळाचा साधारण ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांचा होता तो नव्वदीच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आला, आणि शेवाळ ४ टक्क्यांचं ९२ टक्के झालं. तेव्हा कुणी चार गोगलगायी टाकून बघतो म्हणालं तर त्याला हसू नका. फक्त टँक बघून प्राणी आणा. दुकानदार दोन फुटी टँकवाल्याला टँग गळ्यात मारतो, हा मासा दिवसभर पोहणारा, चार फुटांच्या खाली त्याचे हाल होतात. छोट्या टँकला सेरिथ गोगलगायी, एखादा लॉनमोअर ब्लेनी मासा बास. गोगलगाय घेतानाही नाव विचारा, ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या जाती आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत.

आता जिवाशी खेळ होतो ती गोष्ट. शेवाळाने भरलेला खडक साफ करायचा म्हणून काही जण तो पातेल्यात उकळतात किंवा त्यावर उकळतं पाणी ओततात. त्या खडकावर झोआ किंवा पॅलिथोआ हे प्रवाळांचे भाऊबंद असतील तर त्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेबरोबर उडतं आणि नाकातोंडात जातं. हे विष १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआमधून पहिल्यांदा वेगळं काढलं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांत मोजतात, आणि उकळल्याने ते नष्ट होत नाही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधली प्रवाळं साफ करताना एक अख्खं कुटुंब हॉस्पिटलात पोचलं होतं. आपल्याकडे हे झोआ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विकले जातात, आणि वन बीएचकेत टँक हॉलमध्ये नि गॅस चार पावलांवर. घासायचं तर थंड खाऱ्या पाण्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, हाताला जखम असेल तर नाहीच.

उपटलेलं शेवाळ आणि टँकचं पाणी समुद्रात किंवा खाडीत टाकू नका, आपलंच आहे म्हणून परत दिलं असं होत नाही. भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टँकमधलं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयासमोर जेमतेम एक चौरस मीटर दिसलं होतं, ते पुढे हजारो हेक्टर पसरलं. कॅलिफोर्नियात तेच २००० साली सापडलं तेव्हा त्यांनी वर ताडपत्र्या टाकून खाली क्लोरिन सोडलं आणि २००६ मध्ये कुठे संपलं असं जाहीर केलं. कॉलर्पाच्या काही जाती आपल्याकडे दुकानात पिशवीत मिळतात. उन्हात वाळवा आणि ओल्या कचऱ्यात द्या.

जाता जाता लेखाबरोबरच्या फोटोबद्दल. त्यात जांभळ्या फांद्यांचं अॅक्रोपोरा हे दगडी प्रवाळ दिसतंय आणि खाली लिहिलंय असा टँक तुम्हीही घरी करू शकता. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, वाघाच्या रांगेत, मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवला तरी गुन्हा आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या तर महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. तो फोटो बाहेरच्या देशातला असणार, तसं खाली लिहा, नाहीतर कुणीतरी कात्रण घेऊन कुर्ल्याच्या दुकानात जाईल आणि तिथे त्याला नाही म्हणणारं कुणी भेटेलच असं नाही.

पुढच्या रविवारी चौकट दुरुस्त करून छापा ही विनंती. पत्र लांबलंय, कापावं लागणार माहितेय, जमैका उडवा, कॉलर्पा उडवा, माझा मित्र उडवला तरी तो काही म्हणणार नाही. कॉपरचं, उकळत्या पाण्याचं आणि बाटलीतल्या टेस्टचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक खाऱ्या पाण्यातला वाचक, ठाकुर्ली